बाळ तर खोकतही नव्हतं

माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता आणि मुलगी अजून कुशीवरही वळत नव्हती. आम्ही कुंभकोणमला, मोठ्या तलावाच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या घरात राहत होतो. मी, नवरा, दोन मुलं आणि नवऱ्याची थोरली बहीण. नवरा सकाळच्या गाडीने तंजावरला कचेरीत जायचा आणि दिवे लागल्यावर परतायचा. वन्सं गावातल्याच एका प्राथमिक शाळेत शिकवायच्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी साताऱ्याकडची. लग्न ठरताना मला सांगितलं होतं की घरात मराठीच बोलतात, तुला काही जड जाणार नाही. बोलत होते हे खरं. पण ती मराठी राजांच्या वेळेला इकडे आलेली आणि इथेच राहून गेलेली. वन्सं 'झालं' न म्हणता 'जाहलें' म्हणायच्या, मला 'अगे' अशी हाक मारायच्या, आणि बोलता बोलता मध्येच एखादा तमिळ शब्द असा सहज घालायच्या की मी तो मराठीच समजून डोक्यात शोधत बसायची. पहिली दोन-तीन वर्षं मी निम्मंच ऐकलं. बाहेरची तमिळ तर मला भाजीपुरतीच यायची.

मुलगी व्हायच्या आधी माझा एक गर्भ पडला होता. त्यानंतर वन्सं माझ्यावर फार माया करू लागल्या. पुन्हा दिवस गेले तेव्हा त्या एकट्या बसने तिरुक्करुगावूरला जाऊन आल्या. तिथल्या देवीला गर्भिणींसाठी लोक तेल घालतात, ते प्रसादाचं तेल त्यांनी बाटलीतून आणलं आणि रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने माझ्या पोटाला लावलं. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात तिला पहिल्यांदा उचलून घेणाऱ्याही त्याच. शाळेतून आल्या की पाय धुऊन आधी तिला घ्यायच्या, मग कॉफी.

मुलाची सर्दी मार्गळीत सुरू झाली. त्या महिन्यात इकडे पहाटे दव पडतं, बायका अंधारातच दारात पिठाची रांगोळी, कोलम, घालतात, देवळांतून गाणी लागतात आणि लहान मुलांची नाकं वाहायला लागतात. सगळे म्हणाले, दव लागलं. मीही म्हटलं, दव लागलं. नाक वाहायचं थांबलं तरी खोकला राहिला. तो बरा व्हायच्या ऐवजी वाढत गेला, आणि त्याची तऱ्हा बदलली.

मी खोकणारी मुलं पाहिली होती. हे वेगळं होतं. तो खेळता खेळता एकदम थांबायचा, माझ्याकडे घाबरून बघायचा, आणि मग खोकला सुरू व्हायचा तो एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायला फटच नाही. तोंड लाल व्हायचं, मग जांभळट. जीभ बाहेर, डोळ्यांतून पाणी, मानेच्या शिरा ताठलेल्या. वाटायचं, आता याला श्वास येणारच नाही. आणि मग अगदी शेवटी तो हवा आत ओढायचा, तिचा लांब, चिरका आवाज व्हायचा. कधी कधी लगेच दुसरी उबळ. शेवटी चिकट, तार सुटणारा कफ आणि खाल्लेलं सगळं बाहेर. आणि पाच मिनिटांनी हाच मुलगा म्हणायचा, "माझी मोटार कुठे आहे?"

हेच मला कळत नव्हतं. आजारी मूल आजारी दिसतं. ताप असतो, पडून राहतं, जेवत नाही. याला ताप नव्हता. उबळ गेली की तो हसत होता, धावत होता, भूक लागली म्हणत होता. नवरा घरी यायचा तेव्हा बहुतेक वेळा तो ठीकच असायचा, आणि मी दिवसभर काय पाहिलं हे सांगताना मलाच वाटायचं की मी वाढवून सांगते आहे.

आम्ही त्याला नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे स्टुलावर बसून तो वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिला. डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली. नवऱ्याला म्हणाले, "छाती साफ आहे. काळजीचं काही नाही." एक गोड औषध दिलं. मी नवऱ्याला म्हटलं, "त्यांना सांगा ना, हा खोकताना निळा पडतो." नवऱ्याने सांगितलं. डॉक्टर मान हलवून म्हणाले, मुलं खोकताना लाल होतातच. मी मुलाकडे बघत बसले की आता तरी खोक. तो खोकला नाही. घरी येऊन चप्पल काढता काढता खोकला.

मग त्याच्या डोळ्यात रक्त उतरलं. सकाळी उठला तर डाव्या डोळ्याचा पांढरा भाग लालभडक. शेजारीण दारातूनच म्हणाली, "मद्रास आय!" इकडे डोळे येण्याला तेच म्हणतात. बालवाडीच्या बाईंनी त्याला परत पाठवलं. मी डोळ्यांत थेंब घातले, त्याचा टॉवेल वेगळा केला, उशीचा अभ्रा रोज उकळला. पण डोळा चिकटत नव्हता, दुखत नव्हता, खाजत नव्हता. घरातल्या दुसऱ्या कुणाचे डोळे आले नाहीत. खोकल्याच्या जोराने आतली बारीक शीर फुटली असेल हे आमच्या डोक्यातही आलं नाही. आता माझ्या लेखी त्याला दोन आजार झाले होते, आणि उलट्या धरल्या तर तीन. उलट्यांसाठी कुणी जंतांचं औषध सांगितलं, तेही आम्ही दिलं.

घरगुती उपाय तर किती केले. ओव्याच्या पानांचा रस, मिरी घातलेलं दूध, जेष्ठमध. मिरीच्या दुधाने उबळ हटकून यायची. थंड पाण्याने यायची. रडला की यायची, आणि हसला तरी यायची. वन्सं त्याला शाळेतल्या गमती सांगायच्या, माकडाची नक्कल करून दाखवायच्या. तो खदखदून हसायचा आणि हसता हसता तोंड जांभळं व्हायचं. त्यांनी गोष्टी सांगणं बंद केलं. मग तोच त्यांच्या मागे लागायचा, "आत्या, माकड कर ना," आणि त्या आत निघून जायच्या.

माझ्या मनात एक शब्द येत होता. लहानपणी आमच्या आळीत बायका दबक्या आवाजात बोलायच्या तो. एका दुपारी मी वन्संना म्हटलं, "हा डांग्या खोकला तर नसेल?"

"डांग्या?" त्या म्हणाल्या. "डांगर खाऊन खोकला जाहला म्हणतेस?"

डांगर म्हणजे त्यांच्याकडे उडदाचं पीठ दह्यात कालवून करतात ती कोशिंबीर. आदल्या दिवशीच केली होती. मी म्हटलं, डांगर नाही, डांग्या. त्यांना तो शब्दच माहीत नव्हता. मलाही त्याचा अर्थ सांगता येईना, कारण मी तो खोकला कधी ऐकलाच नव्हता, नुसतं नाव ऐकलं होतं. माझ्या आठवणीत तो फार जुना, देवीच्या रोगासारखा, आता नाहीसा झालेला आजार होता. शेजारीण कधीतरी 'कक्कुवान' असं काहीतरी म्हणाली होती. मला ते एखाद्या ग्रामदेवाचं नाव वाटलं. मी हसून मान हलवली. तिने दोन गल्ल्यांपलीकडच्या म्हाताऱ्याच्या दम्यालाही तेच नाव दिलं होतं, त्यामुळे वन्संनीही मनावर घेतलं नाही.

एक गोष्ट तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्हाला दिसत नव्हती. वन्संना खोकला होता. केव्हापासून, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मुलाच्या आधी की नंतर? मला वाटतं आधी. नवऱ्याला वाटतं दिवाळीपासूनच. त्यांचा खोकला मुलासारखा नव्हता. तो आवाज नव्हता, उलटी नव्हती. त्या नुसत्या खांबाला धरून वाकायच्या, बराच वेळ खोकायच्या, डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, "खडूची धूळ." इतकी वर्षं फळ्यापुढे उभं राहिल्यावर खोकला असणारच, यात कुणाला काही वाटलं नाही.

पोंगल होऊन गेला होता. तो शनिवार होता, शाळा अर्धी होती, म्हणून वन्सं घरी होत्या. मी मुलीला न्हाऊमाखू घातलं. इकडच्या पद्धतीप्रमाणे केस वाळवायला साम्ब्राणीची म्हणजे उदाची धुरी दिली. ती दोनदा शिंकली. तिला गेले काही दिवस थोडी सर्दी होती. पीत कमी होती. एखाद दुसरा बारीक खोकला, तोही घसा साफ केल्यासारखा. मुलाच्या खोकल्यापुढे ते काय!

मी तिला पाजायला घेतलं. ती ओढता ओढता थांबली. मला वाटलं, झोपली. मी पदर सारून पाहिलं तर तिचे डोळे अर्धे उघडे होते आणि ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. छाती हलत नव्हती. ती खोकली नाही, रडली नाही, काहीच नाही.

"वन्सं!" मी ओरडले.

त्या स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काय जाहलें? दूध अडकलें?"

मला माहीत नव्हतं. मी तिला कुशीवर केलं, पाठ चोळली. वन्संनी तळपाय चोळले, देवीचं नाव घेतलं. मग ती एकदम दचकल्यासारखी झाली, श्वास आला, बारीक कण्हली, रंग परत आला. आणि पुन्हा शांत झोपली, जसं काही झालंच नव्हतं. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. मी म्हटलं, "खरंच थांबला होता ना श्वास? तुम्ही पाहिलंत ना?" वन्सं म्हणाल्या, "पाहिलें." आणि मग म्हणाल्या, "चल."

मुलाला ठेवायला कुणी नव्हतं. चौघं रिक्षात बसलो आणि लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते बाजाराच्या रस्त्यावर एका छोट्या नर्सिंग होममध्ये बसायचे. आम्ही आधी कधी त्यांच्याकडे गेलो नव्हतो. बाहेर बाकांवर गर्दी होती. वन्सं आत जाऊन नावं लिहिणाऱ्या बाईंशी बोलत होत्या, मुलगी माझ्या छातीशी झोपलेली, आणि तेवढ्यात मुलाला उबळ आली. तिथेच, बाकाच्या टोकाला धरून. सगळे बघायला लागले. एका बाईने आपलं मूल उचलून दुसऱ्या बाजूला नेलं. खोकला, खोकला, खोकला, आणि शेवटी तो चिरका, लांब श्वास.

आतलं दार उघडलं आणि डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांनी दुसरी उबळ येऊन जाईपर्यंत काही केलं नाही, फक्त मुलाच्या समोर उकिडवे बसून ऐकत राहिले. मग त्याच्या लाल डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, माझ्या छातीशी झोपलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि आम्हाला सगळ्यांच्या आधी आत घेतलं.

ते भरभर बोलत होते आणि वन्सं मला मराठीत सांगत होत्या. किती दिवस झाले? ताप? उलटी? लशीच्या टोचण्या झाल्या होत्या का? मुलाच्या दोन साताऱ्याला झाल्या होत्या, दुसरीनंतर ताप भरला म्हणून तिसरी राहिली. मुलीची पहिली अजून व्हायची होती. मग त्यांनी 'कक्कुवान' हा शब्द उच्चारला. मी दचकले. वन्सं म्हणाल्या, "कक्कणें म्हणजे ओकणें. ओकवणारा खोकला." डॉक्टर माझा चेहरा बघून इंग्रजीत म्हणाले, "व्हूपिंग कफ." मी म्हटलं, "डांग्या?" तेही माझ्याकडे बघत राहिले. तीन नावं त्या टेबलावर पडली होती आणि ती एकाच गोष्टीची आहेत हे आम्हा तिघांपैकी कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "मुलाचं ठीक आहे. पण आम्ही मुलीसाठी आलोय. ती तर खोकतही नाही."

वन्संनी सांगितलं. डॉक्टर हळू बोलायला लागले, मला समजावं म्हणून असेल. तिलाही तोच आजार आहे. इतक्या लहान बाळात जोर नसतो, तो आवाज काढायला ताकद लागते. ती खोकण्याऐवजी श्वास थांबवते. म्हणून तिचा जास्त धोकादायक आहे. तिला इथेच ठेवायचं.

मला ते पटतच नव्हतं. जो इतका खोकतो त्याला घरी पाठवतात आणि जी खोकत नाही तिला ठेवून घेतात. मी वन्संना पुन्हा विचारायला लावलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

मग डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, "वीट्टुल वेऱ यारुक्कावदु इरुमल इरुक्का?"

वन्संनी या वेळी मला मराठीत सांगितलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. 'वीट्टुल' म्हणजे घरात, 'इरुमल' म्हणजे खोकला, एवढं मला येत होतं. मी म्हटलं, "काय विचारतात?" त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. त्या खोकला दाबत होत्या. तो दाबता आला नाही. भिंतीला हात टेकून त्या खोकत राहिल्या, आणि डॉक्टर लेखणी खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

खोकला थांबल्यावर त्या मला म्हणाल्या, "ते विचारतात, घरांत आणिक कोणास खोकला आहे." आणि मग त्यांनी डॉक्टरांना तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. खडूबद्दल असावं, कारण त्या बोटं चोळून दाखवत होत्या.

मुलीला वॉर्डात खाटेवर ठेवलं. नाकाशी प्राणवायूची नळी. नर्सने मला शिकवलं ते मी घोकत बसले. तिच्याकडे नजर हवी. रंग बदलला की कुशीवर करायचं, डोकं जरा खाली, तोंडाबाहेर आलेला कफ पुसायचा, पण आत बोट घालायचं नाही. हाक मारायची, पाठ चोळायची. दूध थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, आणि उबळ येऊन गेल्यावर. मुलालाही तसंच, ओकला की थोड्या वेळाने पुन्हा थोडं भरवायचं. खोकताना त्याला बसतं करून पुढे वाकवायचं, पाठीवर मारायचं नाही, पाणी पाजायचं नाही. धुरी बंद, उदबत्ती बंद, चुलीपाशी नेणं बंद. घरातल्या सगळ्यांना अँटिबायोटिक. त्याने खोकला लगेच जाणार नाही, फक्त दुसऱ्याला लागायचा थांबेल. हे मला सगळ्यात विचित्र वाटलं. औषध घ्यायचं, पण बरं वाटण्यासाठी नाही.

संध्याकाळी नवरा तंजावरहून थेट तिकडे आला. वन्संनी त्याला व्हरांड्यात गाठलं. मला काचेतून त्यांची पाठ दिसत होती. तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"अक्का म्हणते, तिच्यामुळे झालं."

"डॉक्टर तसं म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मोठ्या माणसांनाही होतो, पण त्यांचा ओळखू येत नाही. तिच्याकडून आला असेल, नाहीतर बालवाडीतून." त्याने खाटेकडे पाहिलं. "तू तिला काही बोललीस का?"

मी काहीच बोलले नव्हते. पण माझ्या चेहऱ्यावर काय होतं हे मला कुठे माहीत? मला राग आला होता का? कुणाचा? ज्या बाईने माझ्या पोटाला तेल लावलं तिचा? मी नुसतं मुलीच्या छातीकडे बघत होते. वर, खाली. वर, खाली. दुसरं काही डोक्यात शिरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, अक्का गेली. दारासुरमला. त्यांच्या शाळेतली एक शिक्षिका तिथे राहायची, तिच्या घरी रेशमाचे माग होते. पिशवीत चार कपडे आणि औषध घेऊन वन्सं तिच्याकडे गेल्या होत्या. मागच्या पडवीतल्या एका खोलीत राहते, जेवणाचं ताट वेगळं घेते, शाळेला सुट्टी टाकली आहे, असा निरोप आला.

नवरा रजा घेऊन घरी मुलाला सांभाळत होता. मुलगी नर्सिंग होममध्ये होती तेव्हा तिचा श्वास आणखी काही वेळा थांबला. प्रत्येक वेळी नर्सने तो परत आणला, एकदा मी आणला. हळूहळू दोन वेळांमधलं अंतर वाढलं, ती जास्त पिऊ लागली, आणि एके सकाळी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण एकटं ठेवू नका.

घरी आल्यावर मला कळलं की दोन हात पुरत नाहीत. मुलीला पाजत असताना मुलाला उबळ यायची. त्याला धरायला उठावं तर ती मांडीवर. शेजारणी दारातून विचारपूस करायच्या, आत येत नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं. नवऱ्याने रजा वाढवली. तो घाबरलेला होता, मुलगी जरा जोरात श्वास घेऊ लागली तरी मला हाका मारायचा. औषधाचे दिवस पुरे झाले, आता कुणाकडून कुणाला लागणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी वन्सं येईनात. नवरा दोनदा जाऊन हात हलवत परत आला. मग मी मुलीला त्याच्याकडे दिलं आणि मुलाला घेऊन टाऊन बसमध्ये बसले.

बसमध्ये त्याला उबळ आलीच. मी त्याला पुढे वाकवलं, कपाळ धरलं, तोंडापुढे फडकं धरलं. एक बाई पाण्याची बाटली घेऊन पुढे आली. मी "वेंडां, वेंडां" म्हणजे नको, नको म्हणत राहिले. पाणी का नको हे सांगायला माझ्याकडे तमिळ नव्हती. तिला वाईट वाटलं असावं. शेजारचे सगळे उठून पुढे गेले. याच्याकडून आता लागत नाही, हे तरी मी कुठल्या भाषेत सांगणार होते?

त्या घरात शिरताच मागांचा खटखट आवाज कानावर आला. वन्सं मागच्या पडवीत जमिनीवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या. मुलाला बघून उठल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"आत्या, माकड कर," तो म्हणाला.

"त्यास दूर ने," त्या मला म्हणाल्या.

"औषध झालंय सगळ्यांचं. डॉक्टरांनी सांगितलंय, आता काही नाही."

"मीच देवीपाशीं मागून घेतलें लेकरूं," त्या म्हणाल्या, "आणि मीच त्याच्या तोंडावर खोकलें."

"बालवाडीतही मुलं खोकत होती. मी चौकशी केली."

"म्हणजे माझ्याकडून नाही?"

"माहीत नाही."

"मग बालवाडीकडून?"

"तेही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, वन्सं. डॉक्टरांनाही नाही."

 मी त्यांना समजावायला म्हणून खूप काही ठरवून आले होते, ते सगळं विसरले. मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, "मला जेवायला उठता येत नाही. एकाला धरलं की दुसरी राहते. तुमचा भाऊ नुसता हाका मारतो. तुमची चूक आहे की नाही ते मला कळत नाही, आणि मला विचारूही नका. मला दोन हात हवेत."

 त्या आत गेल्या आणि पिशवी घेऊन आल्या.

परतताना मुलगा त्यांच्या मांडीवर बसला. त्यांनी तोंडावर रुमाल बांधला होता.

त्यानंतर त्यांनी मुलाचं सगळं स्वतःकडे घेतलं. तो ओकला की न रागावता पुसायच्या, थोड्या वेळाने मऊ दहीभाताचे चार घास भरवायच्या. त्यांनी त्याला उबळ येण्याआधी सांगायला शिकवलं. घशात गुदगुल्या झाल्या की तो धावत येऊन त्यांच्यापुढे बसायचा आणि त्या हळू आवाजात म्हणायच्या, "भिऊं नको. येतो श्वास. येतोच." तो घाबरला नाही की उबळ लवकर आटपायची, निदान आम्हाला तसं वाटायचं. मुलीला मात्र त्या हात लावत नव्हत्या. मी कितीदा पुढे केली, तरी नाही.

मग एका दुपारी मुलगी मोठ्याने खोकली. चांगली जोरात, एकामागून एक, आणि शेवटी भावाचा तो चिरका श्वास, त्याच्याहून बारीक.  म्हणजे आत्ता खरा आजार सुरू झाला? इतके दिवस होतं ते काय होतं? मी आणि वन्सं पुन्हा रिक्षाने गेलो. डॉक्टरांनी तिला तपासलं, तिचं वजन केलं, आणि ते हसले. पहिल्यांदाच हसले.

वन्संनी सांगितलं, "म्हणतात, बरें आहे. अंगांत जोर आला, म्हणून आवाज आला."

"खोकते आहे म्हणून बरं आहे?"

"तसेंच म्हणतात."

मी हसू की रडू हे मला कळेना. घरी येताना रिक्षात ती पुन्हा खोकली. मुलाला त्या दिवशी शेजारणीने आत बोलावून घेतलं होतं, आणि माझ्या हातात औषधं होती, म्हणून मुलगी वन्संच्या मांडीवर होती. त्यांनी तिला कुशीवर केलं, पाठ चोळली, आणि श्वास आल्यावर तिचं तोंड पदराने पुसलं. मी औषधं शेजारी ठेवली, पण मुलीला परत मागितलं नाही.

उन्हाळा येईपर्यंत दोघांचा खोकला गेला. म्हणजे गेला असं आम्हाला वाटलं. पावसाळ्यात मुलाला साधी सर्दी झाली आणि तोच चिरका आवाज पुन्हा आला. आम्ही पुन्हा धावलो. डॉक्टर म्हणाले, आजार परत आलेला नाही, घशाला सवय राहते, काही महिने प्रत्येक सर्दीला असं होईल. तसंच झालं, आणि प्रत्येक वेळी आम्ही तितकेच घाबरलो. मुलीच्या टोचण्या वन्संनी स्वतः नेऊन पुऱ्या केल्या. ताप आला तरी पुढची चुकवू नका असं सांगितलं होतं. तिला ताप यायचा आणि त्या तिच्या कपाळावर हात ठेवून बसून राहायच्या.

मुलगी मोठी झाली. उंच झाली, चांगली धावायला लागली. नव्वदीच्या दशकात, ती चौथीत की पाचवीत असताना, एकदा वन्संना सर्दी झाली होती. मुलगी शाळेतून आली ती सरळ माझ्याकडे येऊन विचारू लागली, "आई, आत्याला मी आवडत नाही का? सर्दी झाली की ती मला जवळ येऊ देत नाही. दादाला देते."

माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं. मुलगा एव्हाना त्यांच्या खांद्याला लागला होता, तो जवळ बसला काय नि न बसला काय. मी तिला सांगितलं, तू लहान असताना आजारी होतीस, आत्याला भीती वाटते. ती म्हणाली, "पण मी तर आता मोठी आहे." आणि ती गेली. आतल्या खोलीत वन्सं शाल पांघरून आरामखुर्चीत बसल्या होत्या. मी दारातून पाहिलं. मुलगी खुर्चीच्या हातावर जाऊन बसली. वन्संनी मान दुसरीकडे वळवली, तोंडावर रुमाल धरला आणि हाताने तिला दूर ढकलू लागल्या. ती हलली नाही. थोड्या वेळाने त्यांचा हात तसाच तिच्या पाठीवर राहिला. तोंडावरचा रुमाल मात्र त्यांनी काढला नाही.